भुतांचा अनुशेष

मे महिन्यातली गोष्ट. मुलांचा दिवाळी अंक काढणाऱ्या एका संपादकबाईंचा मुंबईहून फोन आला. "आठ ते बारा वयोगटासाठी भुताची गोष्ट हवीय. चांगली अंगावर काटा आणणारी. फक्त एक करा, मुलं घाबरायला नकोत."

मी म्हटलं, "बरं."

वऱ्हाडी माणूस आधी 'बरं' म्हणतो आणि काय विचारलं होतं ते नंतर आठवतो. फोन ठेवल्यावर कळलं, की बाईंनी मला बिनतिखटाचा ठेचा करायला सांगितलाय. पण मानधन ठरलं होतं. (सांगण्यासारखं नव्हतं, पण ठरलं होतं.) तेव्हा त्याच दुपारी अकोल्याच्या घरात कूलरच्या पुढ्यात वही घेऊन बसलो आणि एका दमात लिहून काढलं. मिट्ट काळोख, मुसळधार पाऊस, माडांच्या झावळ्यांची सळसळ, ओटीवरचा कंदील फडफडतोय आणि परसातल्या विहिरीवरचा रहाट कोणी हात न लावता कुरकुरायला लागलाय.

वाचून पाहिलं. झकास जमलं होतं. माझा मलाच काटा आला. माठातलं पाणी प्यायला उठलो, खिडकीचा पडदा जरा बाजूला केला, तर बाहेर ४५ अंशांचं ऊन. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. माड तर अख्ख्या गल्लीत नव्हता. अकोल्यात नारळ येतो तो ट्रकने, पोत्यात भरून, थेट देवळासमोरच्या दुकानात. त्याला झाड असतं ही आमच्याकडे ऐकीव माहिती. आमच्या जुन्या घरांना ओटी नसते, ढेलज असते. रहाट मी आजवर फक्त सिनेमात कुरकुरताना ऐकलाय. म्हणजे लिहिलेल्या पाच ओळींत एकही वस्तू माझ्या ओळखीची नव्हती. हात माझा, वही माझी, कूलर माझा आणि भूत मात्र रत्नागिरी जिल्ह्यातलं.

मग मी हिशेबच मांडला. २०१६ साली सगळा महाराष्ट्र ज्याच्यापुढे रात्री जेवणाची ताटं घेऊन बसायचा तो 'रात्रीस खेळ चाले'मधला नाईकांचा वाडा कुठला? कोकणातला. 'तुंबाड'? कोकण. अगदी अलीकडचा, २०२४ चा 'मुंज्या'? तोही कोकण, आणि वर हिंदीतून. लेखक पाहावेत, तर नारायण धारप पुण्याचे आणि रत्नाकर मतकरी मुंबईचे. आमच्या परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर भुताखेतांचे लेखक नव्हेत, पण त्यांचीसुद्धा 'पडघवली' कोकणात. (पुढे 'पूर्णामायची लेकरं' लिहून त्यांनी वऱ्हाडाचं देणं फेडलं, हे इथे सांगितलं नाही तर अचलपूरची माणसं मला भेटायला येतील.) थोडक्यात, साखर कारखाने तिकडे, धरणं तिकडे आणि भुतंही तिकडेच.

विदर्भातल्या माणसाला अशा वेळी एकच शब्द आठवतो. अनुशेष. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांची सत्यशोधन समिती बसली, १९८४ ला तिचा अहवाल आला. समितीने रस्ते मोजले, सिंचन मोजलं, वीज मोजली, दवाखाने मोजले. भुतं मोजली नाहीत. १९५३ च्या नागपूर करारातही त्यांचा उल्लेख नाही. एका अख्ख्या खात्याकडे इतकी वर्षं कोणाचं लक्ष गेलं नाही आणि आमच्या आमदारांनी त्यावर एकदाही सभात्याग केलेला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

कोणी म्हणेल, तुमच्याकडे मुळात भुतंच कमी असतील. अजिबात नाही. मुंज्याचंच घ्या. तो काय कोकणाची मक्तेदारी आहे? मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत जो पोरगा गेला तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, असं जुनी माणसं सांगायची. पिंपळ आमच्याकडे गावोगाव आहेत, पाराला पार लागलेत. शिवाय मुंज व्हायची ती साधारण आठव्या वर्षी. म्हणजे संपादकबाईंच्या वयोगटात चोख बसणारं हे एकच भूत. बाकीची सगळी वयस्कर मंडळी: हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस. आठ ते बारा वयोगटातलं, शाळेत न जाणारं, दिवसभर झाडावर बसणारं भूत हातचं असताना सिनेमावाल्यांनी ते उचलून माडांमध्ये नेऊन ठेवलं आणि आम्ही टाळ्या वाजवून आलो.

पण मला वाटतं, दोष सगळा त्यांचा नाही. आमच्या भुतांच्या दोन अडचणी आहेत. पहिली जमिनीची. कोकणातल्या भुताला पावलोपावली आडोसा. वळण आहे, पाणंद आहे, बांबूचं बेट आहे. आमच्याकडे काळी जमीन, परातीसारखी सपाट. तूर उभी असते तेव्हा थोडं तरी लपता येतं, पण एकदा पऱ्हाट्या उपटल्या की वावर असं लख्ख होतं, की तीन कोसांवरून येणारं भूत धुऱ्यावर बसलेल्या माणसाला दिसतं. ओळखीचं आहे की परगावचं, हेही कळतं. पाय उलटे असल्यामुळे येतंय की जातंय एवढाच काय तो घोळ. ते जवळ येईस्तोवर माणूस चुलीवर चहा टाकून मोकळा.

आणि चहा टाकणं हीच दुसरी अडचण. पुस्तकातलं भूत काळोखातून गरजतं, 'थांब! आज माझ्या तावडीतून तुझी सुटका नाही!' आमच्या बाभळीखालच्या भुताने 'तावडी' हा शब्द जन्मात वापरलेला नाही, आणि जन्मानंतरही नाही. ते म्हणेल, "काहून रे पोट्ट्या, इतक्या राती कुठी चाल्ला? कोनाचा तू?" आपण नाव सांगावं, की लगेच, "असं असं! बोरगावच्या बुढ्याचा नातू काय? तुह्या बापाले मी ओयखतो. मंग, जेवला काय?" संपली गोष्ट. जेवलास का, असं विचारणाऱ्याला आजवर कोणी भ्यालेलं नाही. उलट घाबरायचं ते भुताने. कारण पोरगा 'नाही' म्हणाला, तर त्या अवेळी गोवऱ्या पेटवून रोडगे लावावे लागतील आणि वांग्याच्या भाजीला सांबार कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहील. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वड्यासोबतचं ते वेगळं.)

अशा परिस्थितीत एकच उपाय होता. ज्यांच्यासाठी लिहायचं त्या वयोगटालाच जाऊन भेटायचं. हा वयोगट मला सुदैवाने घरचा आहे. अमरावतीला ताईकडे भाचा आहे बारा वर्षांचा, सातवीतला. आणि भाची आहे नऊची. दोन्ही टोकं एकाच छताखाली. शनिवारी सकाळी उन्हं चढायच्या आत आईला गाडीत बसवलं आणि निघालो.

अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. या रस्त्याबद्दल भयकथेच्या लेखकाने दोन शब्द लिहायला हवेत, कारण कैक वर्षं वऱ्हाडात खरीखुरी भीती वाटायची ती याचीच. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आम्हाला अर्थातच अभिमान आहे. पण त्या डांबरात एक जुनी कहाणी कायमची गाडली गेली, ती म्हणजे रात्री लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई. पूर्वी गाड्या खड्डे चुकवत वीसच्या वेगाने जायच्या. बाईला गाडीच्या बरोबरीने चालत, काचेवर टकटक करून, निवांत चार वाक्यं बोलता यायची. आता गाडी शंभराने निघून जाते. बाईने हात वर करेपर्यंत आपण बडनेऱ्याला. विकासाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते म्हणतात, ती अशी.

मूर्तिजापूर आलं तशी मला वाटेतच गोष्ट सुचली. शकुंतला! मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ, अशी धावणारी आमची ती लहान रुळांची गाडी. मँचेस्टरला तयार झालेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत होतं. स्वातंत्र्य मिळालं, राज्यं बदलली, मार्गाची मालकी मात्र जुन्या खासगी कंपनीकडेच राहिली. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर आणि वेळ चारेक तास. आता गाडी धावत नाही. मग काय, अमावास्येची रात्र, ओसाड फलाट, गवतात बुडालेले रूळ, आणि अचानक लांबून वाफेची शिट्टी... माड नको, पाऊस नको. अस्सल वऱ्हाडी भुताची गाडी! मी खुशीत हॉर्न वाजवला. आई म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, गोष्ट सापडली."

रात्री जेवणं झाल्यावर ताईच्या गच्चीवर गाद्या पडल्या. दिवसभर तापलेली फरशी बादलीभर पाण्याने निवते तेव्हा एक वाफाळ वास येतो, तो येत होता. भाचा, भाची, शेजारची दोन पोरं आणि कोपऱ्यात बाजेवर आई. मी शकुंतलेची गोष्ट आवाज खोल लावून सांगितली. शिट्टी झाली, बिनड्रायव्हरचं इंजिन धुराच्या लोटातून फलाटाला लागलं, डब्याची दारं आपोआप उघडली...

"तिकीट किती?" शेजारचा पोरगा.

"तिकीट नाही. भुताची गाडी आहे."

"फुकट?" चौघंही उठून बसली.

"मामा," भाची म्हणाली, "मग चांगलंच आहे ना. माझ्या मैत्रिणीचे आजोबा अचलपूरचे आहेत, ते म्हणतात गाडी सुरू व्हायलाच पाहिजे. ड्रायव्हर नसला तर नसला."

माझ्या डोळ्यांपुढे ते दृश्य उभं राहिलं. अमावास्येला भुताची शकुंतला सुटते आणि अख्खा अचलपूर तालुका घाबरण्याऐवजी पास काढायला रांगेत उभा. मी ती गोष्ट तिथेच मिटली.

मग म्हटलं, यांना जातिवंत माल द्यावा. लहानपणी मी 'चांदोबा'वर वाढलो. मराठी 'चांदोबा' १९५२ ला सुरू झाला आणि त्यातल्या विक्रम-वेताळाचं ते शंकर यांनी काढलेलं चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. स्मशान, उपसलेली तलवार आणि राजाच्या खांद्यावर पालथं पडलेलं प्रेत. हे चित्र आम्ही आठव्या वर्षी, आईबापांच्या पूर्ण संमतीने, दुधाचा पेला हातात धरून पाहायचो. वेताळाचा खाक्या ठरलेला. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील; आणि बोललास तर मी चाललो झाडावर. लहानपणी हे भयंकर वाटायचं. मोठेपणी कळलं, की आपल्या सगळ्यांच्या घरी हेच चालायचं. 'आता का गप्प? तोंड शिवलंय का?' आणि तोंड उघडलं, की 'उलट बोलतोस?'

भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "राजाने कानात बोळे काहून नाही घातले?"

दोन हजार वर्षांत हे कोणाला सुचलं नसावं. गोष्टच ऐकली नाही तर उत्तर ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, डोकं शाबूत, प्रेत मुक्कामी पोचलं. मी विक्रमादित्याच्या वतीने निरुत्तर झालो.

तिसऱ्या खेपेला अकोल्याची दंतकथा काढली. असदगड किल्ल्याची आणि राजराजेश्वराची. अकोलसिंह राजाची राणी रोज मध्यरात्री एकटीच किल्ल्याबाहेर पडायची. राजाला संशय आला. एका रात्री तो नागवी तलवार घेऊन तिच्या मागे निघाला. राणी पुढे, राजा मागे, मध्ये काळोख. ती पोचली महादेवाच्या देवळात, पूजेला. मागे चाहूल लागली, वळून पाहते तर तलवार. तिने देवाचा धावा केला. पिंड दुभंगली, राणी आत गेली आणि पिंड पुन्हा मिटली. बाहेर राहिलं ते फक्त लुगड्याच्या पदराचं टोक.

या वेळी कोणी काही बोललं नाही. गच्चीवर पहिल्यांदा शांतता झाली. मी मनातल्या मनात मानधनाचा चेक वटवला.

बऱ्याच वेळाने भाची म्हणाली, "यात भूत कोण होतं?"

"भूत नव्हतं गं. दंतकथा आहे ही."

"होतं ना. ते नाही का मांगं मांगं येत होतं, तलवार घेऊन."

जिन्यातून ताईचा आवाज आला, "बरोबर आहे तिचं." मी विषय बदलला. भाऊजी तर झोपेचं सोंग घेऊन कधीचेच पडले होते.

खरं म्हणजे बाईंची अट, काटा यावा पण भीती वाटू नये, ही मराठीत एका माणसाने केव्हाच पुरी केलीय. मोठ्यांना झोपू न देणारे मतकरी मुलांकडे वळले की 'अलबत्या गलबत्या' लिहायचे. त्यातली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ ला नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगल्यांनी. पोरं चेटकिणीला बघून किंचाळतात आणि घरी येऊन अलबत्याची नव्हे, चेटकिणीची नक्कल करतात. भाचीने मोबाइलवर पाहून ती इतकी पाठ केलीय, की ताई तिला दूध संपवायला सांगते तेव्हा नेमकं कोण कोणाला खाणार आहे ते कळत नाही. पण हे मतकरींना जमलं. मला अर्ध्या रात्रीत चार पोरं आवरेनात.

"तुझ्या गोष्टीत मजा नाही मामा," भाचा म्हणाला आणि उशीखालून त्याने इंग्रजी पुस्तक काढलं. आर. एल. स्टाइनचं, 'गूजबम्प्स' मालिकेतलं. १९९२ पासून हा अमेरिकन गृहस्थ जगभरच्या या वयाच्या पोरांना घाबरवतोय आणि पोरं पैसे देऊन घाबरतायत. मी पानं चाळली. प्रकरणाच्या शेवटी मागून खांद्यावर हात पडतो आणि पुढच्या प्रकरणात कळतं की भाऊ होता. बाकी मुख्य कारभार चालतो तो बेसमेंटमध्ये.

"बेसमेंट म्हंजे काय रे?" इतका वेळ गप्प पडलेल्या आईने विचारलं.

"घराच्या खाली, जमिनीत अंधारी खोली असते, आजी. तिथे कोणी जात नाही."

"म्हंजे पेव," आई म्हणाली.

पेव चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. तसं ते आपल्यालाही माहीत नसतं. शिकवण्यांचं पेव फुटलं, मोबाइलच्या दुकानांचं पेव फुटलं, असं आपण रोज म्हणतो, पण पेव पाहिलेलं असतंच असं नाही. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगडी झाकण ठेवून मातीने लिंपून टाकायचं. पाऊसपाणी, उंदीर, चोर, कशाची भीती नाही. ही भर मी घातली. बाकीचं आईने सांगितलं, बाजेवरून न उठता, आवाज वगैरे न लावता.

"आमच्या माहेरी गढीच्या मांगं पेव होतं. मी असन हिच्याएवढी," भाचीकडे हात करून. "पेव उघडलं, का बुढे लोक पहिले कंदील पेटवत अन् दोरीनं खाली सोडत. आमी पोट्ट्या वाकून पाहो. थो कंदील खाली जाये, खाली जाये, लहान लहान होये..."

"मग?"

"अन् एकदम इझे."

"वाऱ्याने?"

"आत कायचा वारा? वारा नाही, पानी नाही, कोनं फूक मारली नाही. इझे. मंग आमचा बुढा म्हने, 'आज कोनी उतरू नोका. थो आत हाय.'"

"तो कोण?"

"थो," आई म्हणाली आणि कूस बदलून पडली.

खाली रस्त्यावरून एक ऑटो गेला. कोणाचा तरी कूलर घरघरत होता. शेजारची दोन पोरं, ज्यांचं घर तीन पावलांवर होतं, ती इथेच झोपतो म्हणाली. भाची माझ्या गादीवर सरकली. भाच्याने मात्र विज्ञानाची बाजू लावून धरली, सातवीतला असल्यामुळे. "आजी, तो कार्बन डायऑक्साइड असेल. धान्य श्वास घेतं. बंद खड्ड्यातला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून तळाशी बसतो. कंदील त्यानेच विझतो. माणूस उतरला तर गुदमरून मरतो."

"असन बाप्पा," आई डोळे मिटूनच म्हणाली. "आमच्या गावात त्याले थो म्हनत."

रात्री दीड वाजता मला कोणीतरी हलवलं. भाचा होता. त्याला खाली बाथरूमला जायचं होतं. हातात टॉर्च होता, मागे भाऊजींना उठवून उभं केलेलं होतं आणि तरी तिसरा माणूस हवा होता. आम्ही तिघं जिन्याने उतरलो. कार्बन डायऑक्साइडबद्दल कोणीच काही बोललं नाही.

वर आल्यावर मला झोप लागेना. पडल्या पडल्या एकेक आठवायला लागलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार आम्हाला घराबाहेर पडायची बंदी असायची. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आजी दाराशीच आडवी व्हायची, खिशात कांदा असला तरी सोडायची नाही. "जाऊ नोको, दुपारचं भूत लागते." बाकी जगात भुतं रात्री बाराला निघतात, आमच्याकडे दुपारी बाराला, ऐन उन्हात. आता कळतं, की ऊन लागून पोर आडवं पडू नये म्हणून ते भूत दारावर नेमलेलं होतं. विहिरीत गिऱ्हा असायचा, पाय ओढणारा. तो पोहता न येणाऱ्या पोरांसाठी. रानात चकवा असायचा, रात्रभर फिरवणारा. तो रात्री-बेरात्री वावरात भटकणाऱ्यांसाठी. आणि पेवात थो. म्हणजे कोकणातली भुतं कलावंत असतील, आमची सगळी नोकरदार. सुरक्षा विभागात, चोवीस तास ड्युटी, पगार महिन्याला एक लिंबू. त्यांना कथा-कादंबऱ्यांत जायला सवड मिळालीच नाही.

मग ती गेली कुठे?

ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. अमरावतीला आलं की आईला गाडगेनगरला गाडगेबाबांच्या समाधीला जायचंच असतं. आमचा शेंडगावचा म्हातारा, १८७६ चा जन्म, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी प्रवासातच गेला. माझ्या आजोबांनी त्याचं कीर्तन ऐकलेलं. ते सांगायचे, बाबा उपदेश करायचेच नाहीत, लोकांना प्रश्न विचारायचे. भूत पाहिलं का कोणी? कसं होतं? काय म्हणालं? तेही आमच्याच बोलीत, त्यामुळे हो म्हणणाऱ्यालाच हसू यायचं. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावातली भुतं. जी कोनाड्यात उरली असतील ती तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेतून बाहेर काढली. एवढी मोठी नोकरकपात वऱ्हाडात गिरणी बंद पडली तेव्हाही झाली नसेल. कोकणात त्या मानाने झाडझूड कमी झाली असावी, एरवी इतका माल शिल्लक कसा? दांडेकर समितीला सापडलं नसतं असं हे अनुशेषाचं कारण मला समाधीसमोर चप्पल सांभाळत उभं असताना सापडलं.

एकटा थो तेवढा खराट्यातून सुटला. त्याला झाडून काढणार कसं? तो खरोखरच आत होता.

अकोल्याला परत आलो आणि पेवाचीच गोष्ट लिहिली. गढी, झाकण, दोरी, खाली खाली जाणारा कंदील, वाकून बघणारी नऊ वर्षांची पोरगी. आईचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. भाचीला फोनवरून वाचून दाखवली, तर ती मध्येच म्हणाली, "थांब, आईला जवळ बसवू दे." मी लगेच बाईंना पाठवून दिली.

चार दिवसांनी फोन. "गोष्ट छान आहे हो. वातावरण सुंदर. फक्त यात भूत कुठेय?"

"आत आहे," मी म्हटलं.

"हो, पण दिसत नाही ना! मुलांना दिसायला हवं. तो कार्बन डायऑक्साइड काढून टाका, अभ्यासाचं पुस्तक वाटतं. आणि 'थो'चं 'तो' केलंय आम्ही, मुद्रणदोष होता. दुसरं म्हणजे, आमचे चित्रकार विचारत होते, की मागे दोन-तीन माड चालतील का? नुसती काळी जमीन आणि एक भोक, पान फार रिकामं दिसतं."

मी म्हटलं, "बरं."

पेव होतं तिथेच ठेवलं. गढीच्या अंगाला, जरा सावलीत, एक माड लावून दिला. मे महिन्यात आमच्याकडे तो काही टिकायचा नाही; पण मानधन येईपर्यंत जगला तरी पुष्कळ, म्हणून मी त्याला रोज बादलीभर पाणी घालतो असं एक वाक्यही गोष्टीत टाकलं.